ड्रॉ शॉट भरवशाचा कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना पूलमध्ये सरळ बॉल बऱ्यापैकी पॉकेट करता येतो, पण क्यू बॉल (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा पांढरा बॉल) टक्कर झाल्यावर मागे आणायची, म्हणजे ड्रॉ मारायची, वेळ आली की मनात धाकधूक होते, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. ड्रॉ एकदा झकास लागतो आणि पुढे चार वेळा लागतच नाही, ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार असते. हातात ताकद कमी आहे म्हणून असं होत नाही. टिप, म्हणजे क्यूचं पुढचं टोक, बॉलला दर वेळी वेगळ्या जागी लागते, म्हणून होतं.

बॉल मागे येतो तो नेमका कशामुळे?

क्यू बॉलच्या मध्याच्या खाली टिप लागली की बॉल पुढे सरकतो, पण फिरत असतो उलटा. हा बॅकस्पिन. समोरच्या बॉलवर तो अगदी समोरासमोर आदळला की दोघांचं वजन सारखंच असल्यामुळे त्याचा जवळपास सगळा पुढचा वेग समोरच्या बॉलला मिळतो. फिरकी मात्र क्यू बॉलकडेच राहते. दोन गुळगुळीत बॉल एकमेकांना जेमतेम क्षणभर शिवतात, तेवढ्यात फिरकी फारशी दुसरीकडे जात नाही. मग क्यू बॉल जागच्या जागी उलटा फिरतो, टेबलावरच्या कापडाला धरतो आणि मागे निघतो.

म्हणजे बॉल मागे खेचण्याचं काम तुमचा हात करत नाही, कापड आणि शिल्लक राहिलेली फिरकी करते. शिल्लक राहिलेली, कारण टिप लागल्या क्षणापासून कापड ती फिरकी खात असतं. बॉल निघताना किती उलटा फिरत होता यावर काही ठरत नाही, समोरच्या बॉलपाशी पोहोचला तेव्हा किती फिरत होता यावर ठरतं. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघाली आहेत.

मी भरपूर जोर लावतो, तरी बॉल जागेवर थांबतो किंवा उलट पुढेच जातो. असं का?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: टिप तुम्हाला वाटते तितकी खाली लागलेली नसते. नेम धरताना ती खाली असते, प्रत्यक्ष फटक्यात वर सरकते. जोर जितका जास्त, तितकं हे सरकणं जास्त. म्हणून जोर वाढवून ड्रॉ सुधारायला गेलं की तो आणखी बिघडतो.

दुसरं कारण अंतर. समजा टिप मध्यापासून खाली त्रिज्येच्या दोन पंचमांशावर लागली आणि बॉल सेकंदाला 2 मीटर वेगाने निघाला. साधारण कापडावर त्याची उलटी फिरकी 65 सेंटिमीटरच्या आसपास संपते. बरोबर तिथे समोरचा बॉल असेल तर क्यू बॉल जागेवर थांबेल. त्याच्या पलीकडे असेल तर तोपर्यंत क्यू बॉल सुलटा फिरू लागलेला असतो आणि टक्कर झाल्यावर तो पुढे चालू लागतो. म्हणजे ‘मी खाली मारलं तरी बॉल पुढे गेला’ यात चमत्कार काही नाही. फिरकी वाटेत संपली, एवढंच.

याच हिशोबात वेगाचं खरं काम दिसतं. वेग दुप्पट केला की फिरकी टिकण्याचं अंतर चौपट होतं. त्यामुळे लांबच्या ड्रॉला वेग लागतोच. जवळच्या ड्रॉला मात्र तो फारसा लागत नाही, आणि शिकायचं जवळूनच असतं.

किती खाली मारायचं?

हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येतं.

पूलचा बॉल 57.15 मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्रिज्या साधारण 28.6 मिलिमीटर. मध्यापासून निम्म्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे सुमारे 14 मिलिमीटरपर्यंत, टिप बॉलला धरून राहते. त्याच्या पलीकडे ती घसरते आणि मिसक्यू होतो. रोजच्या वापरासाठी मी या मर्यादेला चिकटून खेळायला सांगणार नाही. त्रिज्येच्या दोन पंचमांशावर, म्हणजे मध्यापासून 11 ते 12 मिलिमीटर खाली, टिप सातत्याने लावता आली तर खेळात लागणारे बहुतेक ड्रॉ त्यातच होतात.

आता ही जागा किती नाजूक आहे ते पाहा. समोरचा बॉल फूटभर अंतरावर आहे आणि क्यू बॉल त्याच 2 मीटरच्या वेगाने निघतो आहे असं धरा. ढोबळ गणिताने दोन पंचमांशावरून 3 मिलिमीटर खाली गेलं की बॉल सुमारे दुप्पट मागे येतो. 3 मिलिमीटर वर राहिलं की एक तृतीयांशाच्या आसपासच येतो. वेगात काहीच बदल नाही, फक्त टिपच्या जागेत 3 मिलिमीटरचा फरक. एकाच ताकदीचे दोन फटके इतके वेगळे का निघतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्याला फसवते. टिप गोलसर असते, त्यामुळे ती बॉलला आपल्या मध्याने शिवत नाही, वरच्या बाजूने शिवते. क्यूचा मध्य स्पर्शबिंदूपेक्षा बराच खाली असतो. साडेबारा मिलिमीटरच्या, चांगली गोलाई असलेल्या टिपने त्या दोन पंचमांशाच्या जागी मारायचं तर टिपची खालची कड कापडापासून जेमतेम 6-7 मिलिमीटरवर यायला हवी. अगदी मर्यादेवर मारताना ती 3 मिलिमीटरवर येते. नवख्यांना हे पाहून आता टिप कापडात घुसणार असं वाटतं, आणि त्या भीतीनेच हात वर जातो.

टिप नेमकी कुठे लागली हे कळणार कसं?

पट्ट्याचा बॉल क्यू बॉल म्हणून वापरा. पट्टा आडवा, कापडाला समांतर ठेवा. बहुतेक संचांत या पट्ट्याची रुंदी अशी असते की त्याची खालची कड साधारण मिसक्यूच्या मर्यादेवर येते. टिपला ताजा चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायची पूड) लावा, एक फटका मारा, बॉल उचला आणि ठसा शोधा. ठसा पट्ट्याच्या आत पण खालच्या कडेजवळ असेल तर जागा बरोबर. पट्ट्याच्या मधोमध असेल तर तुम्ही ड्रॉ मारलाच नाही, मनात कितीही खाली मारलं असलं तरी. ठसा पुसून पुढचा फटका मारा.

पट्ट्याचा दुसरा फायदा म्हणजे फिरकी डोळ्यांना दिसते. पट्टा आडवाच राहून उलटा फिरताना दिसला तर शुद्ध बॅकस्पिन आहे. पट्टा डुगडुगायला लागला तर बाजूची फिरकी मिसळली आहे.

मला वाटतं, ड्रॉ शिकणाऱ्याने एकच गोष्ट करायची ठरवली तर ती ही करावी. महागडा क्यू याची जागा घेऊ शकत नाही.

नेम खाली असतो, पण फटक्यात टिप वर जाते. हे थांबवायचं कसं?

आधी कारण शोधा, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं.

सर्वांत जास्त दिसतं ते मूठ आवळणं. फटका मारायच्या क्षणी बोटं क्यूवर घट्ट होतात आणि क्यूचा मागचा भाग उचलला किंवा दाबला जातो. क्यू बोटांत जेमतेम धरलेला असावा, तळहात आणि क्यू यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहावी. त्या पकडीत जोर येणार नाही असं वाटतं, पण येतो. जोर क्यूच्या वेगातून येतो आणि सैल हात जास्त वेगाने हलतो.

दुसरं, फटका संपायच्या आत अंग उचलणं. बॉल मागे येतो का हे पाहायची घाई असते. डोकं वर गेलं की खांदा जातो, खांद्याबरोबर क्यू. समोरचा बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत हनुवटी क्यूवरच ठेवा.

तिसरं, कोपर लवकर खाली पडणं. टिप बॉलला लागण्याआधी कोपर खाली आलं तर पुढचं टोक वर जातं. स्पर्श होईपर्यंत कोपर जागेवर आणि फक्त खालचा हात लोलकासारखा हलणारा, अशी सवय लागली की टिपची उंची आपोआप सारखी राहते.

चौथं कारण मनात असतं. मिसक्यू होईल या भीतीने हात शेवटच्या क्षणी आखडतो, क्यूचा वेग कमी होतो आणि टिप सुरक्षित जागेकडे, म्हणजे मध्याकडे, वळते. यावर उपाय धीर धरा सांगण्यात नाही. चॉक नीट लावा, मर्यादेपासून थोडं वर खेळा आणि भीतीला कारणच उरू देऊ नका.

ब्रिज (क्यूला पुढे आधार देणारा हात) कसा असावा?

खाली. टिप खाली न्यायची म्हणून बरेच जण ब्रिज तसाच ठेवून क्यूचा मागचा भाग उचलतात. ते उलटं आहे. तळहात कापडावर पसरा, बोटं फाकवून पुढे ताणा, अंगठ्याची खाच खाली आणा, म्हणजे क्यू जवळपास सपाट राहूनही टिप खाली येते. उघडा ब्रिज पुरतो. जोराच्या ड्रॉला तर्जनीचं कडं करून बंद ब्रिज धरला की क्यू वर उसळत नाही. शिकताना ब्रिज आणि बॉल यांतलं अंतर कमी ठेवा, एका वितीपेक्षा जास्त नको. अंतर वाढलं की हातातली छोटी चूक टिपेकडे मोठी होऊन पोहोचते.

क्यू अगदी सपाटच हवा का?

जमेल तितका सपाट. पूर्ण सपाट होतच नाही, कारण क्यूचा मागचा भाग टेबलाच्या कडेवरून जातो आणि कुशन, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बॉलच्या मध्यापेक्षा उंच असतं. थोडा कल चालतो. कल वाढला की दोन अडचणी येतात. बॉल खाली दाबला जाऊन किंचित उडतो, आणि टिप मध्यरेषेपासून जराशी बाजूला लागली असेल तर बॉलची वाट वळते. सपाट क्यूमध्ये जी बाजूची चूक खपून जाते, ती उचललेल्या क्यूमध्ये पॉकेट चुकवते.

बॉल मागे यावा म्हणून क्यू झटकन मागे ओढायचा का?

नाही. टिप आणि बॉल एकमेकांना सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरतेच शिवतात. तेवढ्यात हाताला काही जाणवून तो काही करेल, हे शक्य नाही. तुम्ही ओढायला सुरुवात करता तेव्हा बॉल निघून गेलेला असतो. ओढायचं ठरवलेलं असल्यामुळे क्यूचा वेग आधीच कमी होतो, हे खरं नुकसान.

त्याच न्यायाने, लांब फॉलो थ्रू केल्याने, म्हणजे बॉल मारल्यावर क्यू पुढे जाऊ दिल्याने, फिरकी वाढते हेही खरं नाही. तरी फॉलो थ्रू मी आग्रहाने करायला सांगतो. टिप बॉलच्या जागेच्या पुढे वीतभर जाऊन कापडाजवळ थांबली, तर स्पर्शाच्या क्षणी क्यू वेगात आणि सरळ होता याचा तो पुरावा असतो. फटका संपल्यावर तसंच थांबून टिप कुठे आहे ते पाहा. ती हवेत वर असेल तर वाटेतही ती वरच जात होती.

मनगटाने झटका द्यावा का?

सुरुवातीला अजिबात नको. काही मुरलेले खेळाडू मनगटाने क्यूला शेवटचा वेग देतात, पण त्यांची टिप कुठे लागणार हे आधीच पक्कं झालेलं असतं. मनगट सैल असावं, मुद्दाम वळवू नये.

मिसक्यू फार होतात. चॉक कमी पडतो की टिप खराब आहे?

दोन्ही तपासा. चॉक प्रत्येक ड्रॉआधी लावायचा, आणि टिप चॉकमध्ये घालून गरगर फिरवायची नाही. पुसल्यासारखा हलकेच फिरवत टिपच्या कडांपर्यंत पोहोचवायचा, कारण ड्रॉमध्ये बॉलला टिपचा मध्य लागतच नाही, कड लागते. मध्ये छान निळी आणि कडेला चकाकणारी टिप ड्रॉसाठी रिकामीच समजा.

टिपला गोलाई हवी. सपाट झालेली टिप खाली मारताना आपल्या कोपऱ्याने बॉलला लागते आणि निसटते. चकचकीत, कडक झालेला पृष्ठभाग चॉक धरत नाही, त्याला हलकेच घासून खरखरीत करावं.

ही सगळी कला चामड्याच्या टिपवर उभी आहे. फ्रान्समधला लष्करी कॅप्टन फ्रान्स्वा मिंगो याला चामड्याच्या टिपचं श्रेय दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. त्याआधी क्यूचं टोक नुसतं लाकडी असे आणि मध्यापासून दूर मारायला गेलं की घसरे. आजच्यासारखा, सिलिका वापरून केलेला चॉक विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी 1897 मध्ये पेटंट घेऊन आणला. बिलियर्डच्या बॉलांच्या फिरकीचं सविस्तर गणित फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस याने 1835 मध्येच मांडलं होतं. फिरत्या पृथ्वीवर वाऱ्यांची दिशा वळवणारा परिणाम ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोच हा कोरिओलिस.

सरावाची सुरुवात कुठून करायची?

ड्रॉपासून करायची नाही, स्टॉप शॉटपासून करायची. हे ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो, पण स्टॉप शॉट म्हणजे फिरकी बरोबर शून्यावर आणून ठेवणं आहे. ज्याला शून्य गाठता येतं त्याला त्याच्या थोडं पलीकडे जाणं सोपं जातं.

त्याआधी एक छोटी तयारी. पट्ट्याचा बॉल एकटाच घ्या, समोर काही ठेवू नका, आणि मध्याच्या खाली हलक्या हाताने टेबलाच्या लांबीत मारा. पट्ट्याकडे पाहा. आधी उलटा फिरतो, मग क्षणभर न फिरता नुसता सरकतो, मग सुलटा घरंगळायला लागतो. उलटी फिरकी कुठे संपते ती जागा लक्षात ठेवा. थोडं जोरात मारा, ती जागा पुढे जाते. थोडं वर मारा, ती अलीकडे येते. पॉकेटचा ताण नसल्यामुळे हात मोकळा राहतो, आणि वर जे गणित सांगितलं ते डोळ्यांसमोर घडतं.

मग समोरचा बॉल पॉकेटपासून वीतभर, क्यू बॉल त्याच्या मागे सरळ रेषेत फूटभर. स्टॉप शॉट मारा. क्यू बॉल टक्कर झाली तिथेच थांबला पाहिजे, बोटभर पुढे नाही, बोटभर मागे नाही. तो सलग जमू लागला की क्यू बॉल एकेका खुणेने मागे न्या. टेबलाच्या कडेवर ज्या खुणा असतात, त्यांतलं अंतर 9 फुटी टेबलावर साडेबारा इंच असतं. प्रत्येक अंतरावर स्टॉप शॉटसाठी काय बदलावं लागतं, किती खाली, किती वेग, हे हाताला कळू द्या. घाई करायची तर पुढच्या टप्प्यांत करा, इथे नको.

नंतर परत फूटभर अंतरावर या आणि त्याच वेगात टिप थोडी खाली न्या. बॉल एका बॉलच्या रुंदीइतका मागे आला पाहिजे. मग वीतभर. मग तो निघाला होता त्या जागेपर्यंत. इथपर्यंत वेग वाढवायचा मोह टाळा, फक्त जागा बदला. टेबलावर कागद ठेवून क्यू बॉल त्यावर थांबवायचा सराव करा आणि जमेल तसा कागद घडी घालून लहान करत न्या. बॉल लांब मागे आला म्हणून खूश होऊ नका, ठरवला तिथे थांबला का ते पाहा.

थकलेल्या हाताने सराव करण्यात अर्थ नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं नीट लक्ष देऊन केलेला सराव आठवड्यातून एकदा तासन्‌तास घासण्यापेक्षा कामाचा ठरतो.

किती मागे येईल हे आधी कसं ठरवायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदला. जवळच्या फटक्यांत वेग ठरावीक ठेवा आणि टिपच्या उंचीने अंतर ठरवा. लांबच्या फटक्यांत टिप आपल्या भरवशाच्या खालच्या जागी ठेवा आणि वेगाने ठरवा. दोन्ही एकदम बदलणाऱ्याला चुकल्यावर काय चुकलं ते कळत नाही.

समोरचा बॉल लांब असेल तेव्हा ड्रॉ होतच नाही. वेगळं काय करायचं?

तंत्र तेच, फक्त वेग हवा आणि तो गुळगुळीत हवा. मागे नेताना क्यू सावकाश न्या, शेवटी क्षणभर थांबा, मग पुढे येताना वेग वाढत जाऊ द्या. वेग बॉलपाशी सर्वांत जास्त असावा. मागे नेतानाच घाई केली की पुढे येताना हात ब्रेक लावतो.

अंतर फार असेल तर अपेक्षा कमी करा. क्यू बॉल जागेवर थांबला तरी पुष्कळदा काम भागतं, आणि लांबून मारलेला स्टॉप शॉट म्हणजे वाटेत फिरकी संपलेला ड्रॉच आहे.

बॉल मागे येतो, पण तिरका येतो.

समोरचा बॉल पॉकेटच्या मधोमध पडला का ते आधी पाहा. तो एका कडेला लागून पडला असेल तर तुम्ही सरळ मारलं नाही, थोडा कट झाला, म्हणजे टक्कर तिरकी झाली. ड्रॉमध्ये ही चूक मोठी होऊन परत येते. टक्कर 2 अंशांनी चुकली तर परतीची वाट सहज 6 ते 8 अंशांनी चुकू शकते. म्हणून ड्रॉ हा नेमाचीही परीक्षा घेतो.

बॉल सरळ मागे आला, पण कुशनला लागल्यावर अचानक एका बाजूला पळाला, तर दोष नेमात नाही. टिप मध्यरेषेच्या डावी-उजवीकडे लागून बाजूची फिरकी मिळाली आहे. पट्ट्याच्या बॉलवरचा ठसा याचा निकाल लगेच देतो.

कट शॉटवर ड्रॉ मारला तर बॉल कुठे जातो?

फिरकी नसताना क्यू बॉल समोरच्या बॉलच्या वाटेशी काटकोन करून निघतो. ड्रॉ असला तरी सुरुवात त्याच रेषेने होते, मग फिरकी कापडाला धरते आणि वाट मागच्या बाजूला वळते. जोरात मारलं तर तो त्या रेषेवर जास्त लांब जाऊन मग वळतो, हळू मारलं तर लगेच वळतो. वाटेत तिसरा बॉल उभा असेल तेव्हा हा फरक फार उपयोगी पडतो.

कट जसा पातळ होतो तसा ड्रॉचा परिणाम घटतो. 30 अंशांच्या कटमध्ये क्यू बॉलकडे निम्मा वेग शिल्लक राहतो आणि 45 अंशांत सुमारे 70 टक्के. एवढ्या वेगाला फिरकी सरळ मागे फिरवू शकत नाही, फक्त वाट वळवते. पातळ कटवर बॉल मागे आणायचा आग्रह धरणारे पॉकेटही चुकवतात आणि जागाही.

दोन्ही बॉल अगदी जवळ असतील तर?

जपून. क्यू बॉल टक्कर होताच थांबतो किंवा मागे येतो, आणि पुढे जाणारा क्यू त्याला दुसऱ्यांदा लागतो. हा फाउल आहे. दोन बॉलांमध्ये चॉकच्या ठोकळ्याएवढंही अंतर नसेल तर ब्रिज आखूड करा, मागे फार थोडं न्या आणि टोचल्यासारखा छोटा फटका मारा. इथे फॉलो थ्रू नको. वर सांगितलेल्या सवयीला हा एकमेव अपवाद आहे. जवळ असल्यामुळे फिरकी वाटेत खर्च होत नाही, त्यामुळे एवढ्याशा फटक्यानेही बॉल बराच मागे येतो.

माझ्या नेहमीच्या टेबलावर ड्रॉ लागतो, दुसरीकडे गेले की लागत नाही. चूक माझीच का?

नेहमी नाही. नवं, गुळगुळीत कापड फिरकी कमी खातं आणि बॉल परत येतानाही जास्त घरंगळतो. जुनं, लव असलेलं किंवा दमट झालेलं कापड दोन्हीकडून मारतं. बॉल मळलेले असतील तर टक्कर होताना ते क्षणभर चिकटल्यासारखे होतात आणि हिशोब चुकतो, म्हणून खेळण्याआधी बॉल पुसून घ्या.

काही टेबलांवर क्यू बॉल बाकीच्यांपेक्षा जड किंवा मोठा असतो, विशेषतः नाणं टाकून खेळायच्या जुन्या टेबलांवर. जड बॉल टक्कर होऊन थांबत नाही, थोडा पुढेच जातो. त्याला मागे आणण्यासाठी फिरकीतला बराच भाग आधी तिथेच खर्ची पडतो. अशा टेबलावर लांबचा ड्रॉ खेळण्याच्या बेतात राहू नका.

नव्या टेबलावर पहिली पाच मिनिटं तीन-चार अंतरांवरून स्टॉप शॉट मारून पाहा. कापड किती फिरकी खातं ते लगेच कळतं.

ड्रॉसाठी क्यू किंवा टिप बदलू का?

टिप गोल, खरखरीत आणि घट्ट बसलेली असेल तर नाही. मऊ टिपने जास्त फिरकी मिळते हा समज पक्का रुजलेला आहे, पण फरक पडतो तो टिप कुठे लागते याने. मऊ-कडकपणाचा परिणाम त्यापुढे किरकोळ आहे.

सामन्यात ड्रॉ कधी टाळावा?

दुसरा मार्ग असेल तेव्हा. फॉलो (मध्याच्या वर मारून क्यू बॉल पुढे नेणं) किंवा स्टॉप शॉटने तीच जागा मिळत असेल तर तेच खेळा. पुढचा बॉल पॉकेट करायला क्यू बॉल थोडा पुढे थांबला तरी चालणार असेल, तर सुंदर दिसतो म्हणून ड्रॉ मारायचा नाही. ज्याला ड्रॉ खरोखर येतो तो तो कमी वेळा वापरतो, असं माझं निरीक्षण आहे. क्यू बॉल सरळ मागे पॉकेटमध्ये जाण्याचा धोका असेल तर विचार आणखी एकदा करा.

क्यू बॉल कुशनला चिकटलेला असेल तर ड्रॉ मारता येतो का?

कुशन मागे असेल आणि क्यू त्यावरून न्यावा लागत असेल तर नाही. कुशनची धार कापडापासून साधारण 36 मिलिमीटरवर असते आणि बॉलचा मध्य 28-29 मिलिमीटरवर. म्हणजे बॉलचा मध्यसुद्धा कुशनखाली दडलेला असतो, खालचा भाग तर दूरच. क्यू उभा करून वरून मारण्याचा खटाटोप नवख्याने करू नये, कापड फाटण्याची भीती असते. बॉल कुशनपासून चार बोटं सुटा असेल तर कडेवर हात टेकवून, आखूड ब्रिजने हलका ड्रॉ काढता येतो. त्यातही क्यू थोडा उचललेला राहतोच, म्हणून मध्यरेषा सांभाळा आणि हळू मारा.